पहिलीच्या वर्गातील एक दिवस

शाळेची स्मरणिका हाती आली की आपली नजर प्रथम गुणवंतांच्या छायाचित्रांवर जाते. दहावीचा शेकडा निकाल, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी, अधिकारपदावर पोहोचलेले माजी विद्यार्थी, नव्या इमारतीचा आराखडा हे सारे आपण अभिमानाने पाहतो. ज्या समाजाला शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागली, त्याने आपले यश मोजावे यात वावगे काही नाही. परंतु या पानांत एक वर्ग सहसा दिसत नाही. तो पहिलीचा वर्ग. माझे स्पष्ट मत असे आहे की, निवासी शाळेची खरी परीक्षा पहिली ते तिसरीच्या वर्गांत एखाद्या साध्या दिवशी काय घडते यावरून व्हावी. आणि शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक या वर्गांना मिळावेत.

असा एक साधा दिवस डोळ्यांसमोर आणू या. पहिला तास भाषेचा. समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते, कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी मराठवाडी वळणाची मराठी. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या पुस्तकात ‘पाणी’ छापलेले असते. त्यातच आपली लिपी लहानग्यांना सोपी नाही. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी उच्चारताना ‘क’नंतर येते, लिहिताना मात्र आधी. ‘र’ हे एकच अक्षर सूर्य, चक्र, ट्रक आणि सुऱ्या या चार शब्दांत चार रूपे धारण करते. ज्या घरात वर्तमानपत्र येते, आजी गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवते, तेथील मूल ही रूपे नकळत ओळखू लागते. ज्याचे आईवडील हंगामात ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, त्याला ती वर्गातच भेटतात. वर्गाने ती नीट भेटवली नाहीत, तर दुसरे दार नाही. आणि त्या पहिल्या तासाला ‘पानी’ शब्दावर हशा पिकला, तर ते मूल पुढे कित्येक महिने तोंड उघडत नाही. ‘पानी’ ऐकून घेऊन, त्याच्या शेजारी ‘पाणी’ लिहून दाखवणारा शिक्षक हवा.

दुसरा तास गणिताचा. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि चाळीस नंतर. लिहिताना ४ आधी येतो, ७ नंतर. ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात, पण लिहायचे २९. मोठ्यांना हे कधी जाणवतही नाही. म्हणूनच २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे संख्यावाचन सुचवले गेले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची हा निराळा प्रश्न; मुलाची अडचण मात्र खरी होती. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधून, सुट्या काड्या वेगळ्या ठेवून, प्रत्येक मुलाच्या हातून संख्या घडवून घेतली तर ही अडचण सुटते. त्यासाठी वेळ लागतो, आणि मूल नेमके कोठे अडले आहे हे ओळखणारी नजर लागते. नुसती पाढ्यांची घोकंपट्टी ही नजर मागत नाही. म्हणूनच ती सोयीची वाटते.

मग मधली सुट्टी. हाही एक पाठच आहे. कोण कोणाशेजारी बसते, पाण्याचा पेला कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, वाढपी शेवटच्या मुलाला तेवढेच वाढतो का, हे सारे मूल पाहत असते. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपायाने नळ उघडल्याखेरीज पाणी मिळत नसे. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या शाळेतील भाषा-गणिताचे धडे कसेही असोत, बैठक आणि पाणी यांनी जो धडा दिला तो आयुष्यभर पुसला गेला नाही. आपल्या पंगतीत हा प्रश्न उरला नाही, असे म्हणून चालणार नाही. मंदगतीने शिकणारे मूल नेहमी मागच्याच रांगेत बसत असेल, तर तेही एक गोणपाटच आहे.

दुपारी परिसर अभ्यास, चित्रकला, खेळ. हेच तास सर्वप्रथम कापले जातात. वस्तुतः आवारातील कडुनिंबाखाली उभे राहून पाने मोजणारे, मुंग्यांची रांग पाहून त्यावर बोलणारे मूल त्या दिवशीची सर्वांत मोठी वाक्ये तेथेच बोलते.

आता थोडा हिशेब करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाची अट घातली आहे. म्हणजे दिवसाला ४ तास, अर्थात २४० मिनिटे. वर्गात ३० मुले धरली, तर एकेका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची जास्तीत जास्त ८ मिनिटे येतात. त्यातून हजेरी, नोंदी आणि अहवाल वजा करा. उरलेली मिनिटे बहुधा हात वर करणाऱ्या पाचसहा मुलांना मिळतात. ज्याला शिक्षकाची सर्वाधिक गरज, त्याला सर्वांत कमी वेळ, असे हे गणित आहे. घरी शिकवणारे कोणी असते तर ते भरून निघाले असते. निवासी शाळेत घर आणि शाळा एकच. म्हणून आपली जबाबदारी दुप्पट, पण आपल्यापाशी संध्याकाळही आहे. ही संध्याकाळ फळ्यावरची उत्तरे उतरवून घेण्यात दवडली, तर निवासी असण्याचा लाभ काय?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकार उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च करते आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ होते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक नेमावेत, अशी त्यांची मागणी होती. आपण त्यांची जयंती साजरी करतो. परंतु आपल्या संस्थांच्या आवारात तीच विषमता लहान आकारात शिल्लक नाही ना, हे तपासले पाहिजे. चांगली खोली दहावीला, नवा संगणक दहावीला, जुने जाणते शिक्षक दहावीला; आणि पहिलीला मात्र काल रुजू झालेला नवखा शिक्षक.

यावर एक रास्त आक्षेप येईल. दहावी नापास झालेल्या मुलाची वाट तेथेच अडते. निकालावर शाळेची पत आणि पालकांचा विश्वास अवलंबून असतो. मग दहावीकडे लक्ष दिले तर चुकले काय? दहावीचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र दहावीचे जादा वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना विचारून पाहावे. त्यांचा किती वेळ वाचता न येणाऱ्याला वाचायला शिकवण्यात आणि हातच्याची वजाबाकी पुन्हा सांगण्यात जातो? तिसरीत राहून गेलेले काम तेथे दामदुपटीने करावे लागते. ज्यांचे काम तेथेही पूर्ण होत नाही, त्यांचे छायाचित्र कोणत्याच स्मरणिकेत येत नाही.

म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो. पहिलीला अनुभवी शिक्षक द्यावा आणि तोच तिसरीपर्यंत त्या मुलांबरोबर जावा. पुढील स्मरणिकेत दहावीच्या निकालाशेजारी आणखी एक आकडा छापावा: तिसरीतील किती मुले न पाहिलेला उतारा समजून वाचतात? माजी विद्यार्थ्यांनी देणगी जरूर द्यावी. पण जे जवळपास राहतात त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, चारपाच मुलांना शेजारी बसवून त्यांचे वाचन ऐकावे. त्याला पदवी लागत नाही, धीर लागतो. आणि पालकांनो, भेटीच्या दिवशी ‘किती मार्क पडले?’ असे विचारण्याऐवजी ‘काय वाचलंस, मला सांग’ असे म्हणावे. आपणांस वाचता येत नसेल तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर ऐकताही येते.

इमारती उभ्या राहतील, निकालही वाढतील. त्याआधी रोजच्या २४० मिनिटांतील ८ मिनिटे मागच्या रांगेतील मुलापर्यंत पोहोचतात की नाही, एवढे प्रत्येक सत्रात संस्थाचालकांनी स्वतः वर्गात बसून पाहावे, ही माझी विनंती.