दाम आधी, मालकी कधी?

मंडईत भाजी घेणारा एका हाताने पैसे देतो आणि दुसऱ्या हाताने माल घेतो. घर घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र हा साधा न्याय येत नाही. आयुष्याची पुंजी तो आधी ओततो, पुढची वीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडण्याचे बंधन पत्करतो, आणि ज्या जमिनीवर त्याची इमारत उभी आहे ती जमीन कोणाच्या नावावर आहे हे त्याला बहुधा ठाऊकही नसते. मुंबई, ठाणे, पुणे ह्या पट्ट्यात अशा असंख्य सोसायट्या आहेत, ज्यांच्या इमारतींचे प्लॅस्टर गळू लागले, संस्थापक सभासद निवृत्त झाले, काही दिवंगतही झाले. पण मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचे किंवा बिल्डरचेच नाव आहे. हा सभासदांच्या आळसाचा परिणाम आहे असे सांगून हा प्रश्न टाळला जातो. वस्तुतः ह्या व्यवहाराची घडणच अशी आहे की पैसा वेगाने एका दिशेने जावा आणि मालकी मात्र सावकाश, जमल्यास, उलट दिशेने यावी.

प्रथम पैशाचा प्रवास पाहावा. स्थावर संपदा कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत कराराचा नमुना दिलेला आहे. किमतीच्या जास्तीत जास्त किती हिस्सा केव्हा घेता येईल, हे त्यात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. नोंदणीच्या वेळी १० टक्के, करार झाल्यावर एकूण ३० टक्के, जोते पूर्ण होताच ४५ टक्के, सर्व स्लॅब पडेपर्यंत ७० टक्के. पुढे भिंती, फरशी, जिने, नळ, बाहेरचा गिलावा, लिफ्ट असे करत ९५ टक्के. ताबा घेताना शिल्लक उरतात फक्त ५ टक्के. म्हणजे पन्नास लाखांच्या घरासाठी जमिनीतून केवळ पाया वर आलेला असताना साडेबावीस लाख रुपये दिले गेलेले असू शकतात. हे संरक्षण देणाऱ्या कायद्याचे वेळापत्रक आहे, हे विसरता कामा नये. बांधकामाला लागणारे भांडवल घर घेणारा पुरवतो, नफा मात्र बिल्डरचा होतो. आणि पैसे पुरवणाऱ्याला ‘ग्राहक’ हे सौम्य नाव मिळते.

किंमत म्हणून जाहिरातीत छापलेला आकडा हा खर्चाचा फक्त आरंभ असतो. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, मुंबईत ६ टक्के. खरेदीदार स्त्री असेल तर राज्याने एक टक्क्याची सवलत ठेवली आहे. ही आकारणी करारातील किंमत आणि सरकारच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातील किंमत ह्यांपैकी जी अधिक असेल तिच्यावर होते. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर ५ टक्के, आणि ४५ लाखांच्या आतील लहान परवडणाऱ्या घरावर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराच्या विक्रीवर हा कर नाही. पुण्यातील पन्नास लाखांच्या नव्या घरावर हे तीन आकडे मिळून ६ लाख ३० हजार होतात. बँक अशा घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कुटुंबाला पदरचे सोळा लाखांहून अधिक रोख उभे करावे लागतात. ते कुठून येतात? भविष्य निर्वाह निधीतून, गावाकडच्या एकराच्या विक्रीतून, बायकोच्या दागिन्यांतून, आणि हे सारे अपुरे पडले की खासगी सावकारीतून. ह्याशिवाय किंमत पन्नास लाख वा अधिक असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का आयकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी कायद्याने खरेदीदारावर टाकलेली आहे. तो खर्च नव्हे, पण ती चुकली तर व्याज व दंड खरेदीदाराच्याच माथी बसतो. सोसायटी-स्थापना खर्च, वकील फी, आगाऊ देखभाल वर्गणी ह्या नावांनी ताब्याच्या दिवशी जी यादी हाती ठेवली जाते तिचा हिशोब मागण्याचे धाडस फार थोड्यांना होते, कारण किल्ली समोरच्याच्या मुठीत असते.

आता मालकीचा प्रवास. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५४ मध्ये, स्पष्ट सांगतो की विक्रीचा करार हा स्वतः मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करीत नाही. फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती असतो तो असाच करार, नोंदणीकृत असला तरी. आणि गंमत अशी की मुद्रांक वसूल करताना शासनाला हाच करार विक्रीसारखा दिसतो! १९८५ च्या दुरुस्तीनंतर, ताबा दिलेला किंवा द्यावयाचा असलेला विक्रीचा करार हा मुद्रांकापुरता हस्तांतरणपत्रच मानला जातो आणि पूर्ण शुल्क त्याच वेळी घेतले जाते. तिजोरीसाठी जी विक्री पूर्ण झाली, ती रहिवाशासाठी अपुरी राहते. शासनाने आपला वाटा पहिल्या दिवशी उचलला असल्यामुळे उरलेले हस्तांतरण घडवून आणण्यात त्याला रस उरत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

हे नेहमीच असे नव्हते. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तेव्हा संस्था आधी, जमीन नंतर आणि इमारत त्यानंतर असा क्रम होता. रहिवासी हेच बांधणारे होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे भांडवलाला किफायतशीर वाटेनासे झाले आणि ‘मालकी हक्काचे’ फ्लॅट विकण्याचा धंदा जोरात सुरू झाला. क्रम उलटला. आधी बिल्डर, नंतर पैसे, मग इमारत, आणि सर्वांत शेवटी, झालीच तर, संस्था. ह्या धंद्यातील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी शासनाने मे १९६० मध्ये समिती नेमली आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. संस्था स्थापन झाल्यावर ४ महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी असा दंडक त्याखाली घातला गेला. कायदा मोडणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही झाली. कागद कठोर होता. पण दंडक पाळला गेला असता तर २००८ साली त्याच कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद घालण्याची वेळ आलीच नसती.

बिल्डर हस्तांतरण का लांबवतो? त्याचे उत्तर जमिनीच्या पोटात नाही, जमिनीच्या वरच्या आकाशात आहे. चटईक्षेत्र निर्देशांक वाढतो, नवी नियमावली येते, शेजारून रुंद रस्ता जातो. प्रत्येक वेळी त्याच भूखंडावर अधिक बांधण्याचा हक्क जन्माला येतो. जमीन ज्याच्या नावावर, तो ह्या हक्कावर दावा सांगतो. चाळीस वर्षांनी इमारत मोडकळीस येऊन पुनर्विकासाची वेळ आली की सारी उमेदवारी ज्यांनी केली ते रहिवासी वाटाघाटीच्या टेबलावर हात बांधून बसतात, आणि मूळ बिल्डर किंवा जमीनमालकाचे वारस संमतीची किंमत मागायला येतात. सामायिक जागेबाबतही हीच वृत्ती दिसते. खांबांमधली मोकळी जागा स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकण्याचा प्रघात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात बेकायदा ठरवला, तोवर ती कित्येकांना विकूनही झाली होती.

मानीव अभिहस्तांतरणाने सोसायटीला बिल्डरच्या सहीवाचून मार्ग मिळाला, हे मान्य केले पाहिजे. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज, ६ महिन्यांच्या आत निर्णय, मग दस्ताची नोंदणी आणि मालमत्ता पत्रकावर किंवा सात-बारावर नोंद. परंतु अर्जाला सभासदांचे करार, सूची क्रमांक दोनचे उतारे, मंजूर नकाशे, जमिनीचे जुने दस्त लागतात. एका सभासदाचे कागद हरवलेले, दुसऱ्याच्या दस्तावर मुद्रांक अपुरा, तिसरा परदेशी. एकाच आवारात अनेक इमारती असतील तर जमिनीच्या वाटणीचा वाद वेगळाच. शिवाय सोसायटीच्या कमिट्याही निर्दोष नाहीत. पुनर्विक्रीच्या वेळी हस्तांतर शुल्क २५,००० रुपयांहून अधिक घेऊ नये असे २००१ पासून शासनाचे बंधन असताना ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली लाखांची मागणी करणारी कमिटी बिल्डरकडून नेमके काय शिकली हे सांगावयास नको.

स्थावर संपदा कायदा, २०१६ ने काही भक्कम गोष्टी दिल्या. नोंदणीकृत करारावाचून १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशाचे ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताब्यानंतर ५ वर्षे बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. पण नोंदणी क्रमांक म्हणजे शासनाची हमी, ही समजूत किती महाग पडते ते डोंबिवली परिसराने दाखवले. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराचे क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी किंमत मोजली होती, मुद्रांक भरला होता, बँकांनी कर्जेही दिली होती. दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधक दस्त तपासतो, इमारतीची परवानगी खरी की खोटी हे पाहणे त्याचे काम नाही. ते महापालिकेचे काम. महापालिका म्हणते, आमच्याकडे कोणी विचारलेच नाही. चार कार्यालयांच्या चार शिक्क्यांमधून खोटी इमारत सरळ पार झाली.

म्हणून मागणी सरळ असली पाहिजे. बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नोंदीशी जुळल्याशिवाय दस्त नोंदवू नये. शेवटच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राबरोबरच हस्तांतरणाचा मसुदा बिल्डरने निबंधकाकडे दाखल केलाच पाहिजे. ज्याने जुन्या संस्थांचे हस्तांतरण अडवले आहे त्याला नव्या प्रकल्पाची मंजुरी मिळू नये. मुद्रांक पहिल्याच दिवशी पूर्ण घेणाऱ्या शासनाला ह्यातले काहीही जड नाही.

तोवर वस्तीपातळीवरचे काम कार्यकर्त्यांनीच करावे लागेल. मृणाल गोरे, बाबुराव सामंत प्रभृतींच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगाव-दिंडोशीत कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमिनीवर सहा हजारांहून अधिक घरे उभी करून दाखवली. तो कायदा राज्याने २००७ मध्ये गुंडाळला. तसे सामर्थ्य आज प्रत्येक शाखेत नाही. पण आपल्या विभागातील प्रत्येक सोसायटीचे मालमत्ता पत्रक काढून ते कोणाच्या नावावर आहे हे पाहणे, ज्यांचे हस्तांतरण झालेले नाही त्यांची यादी करणे, वार्षिक सभेत तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणणे, सभासदांचे करार आणि सूचीचे उतारे गोळा करून अर्ज तयार करून देणे, ही कामे कोणत्याही शाखेच्या आवाक्यात आहेत. आणि नवे घर घेऊ पाहणाऱ्या कामगाराने टोकन म्हणून पहिला धनादेश फाडण्यापूर्वी तीस वर्षांचा मालकी शोध अहवाल, महापालिकेकडून खातरजमा केलेली परवानगी आणि कराराचा मसुदा शाखेतल्या वकिलाला दाखवावा. धनादेश वटल्यावर हे तिन्ही कागद वाचायला फार उशीर झालेला असतो.