सूचनाफलकावरचे शिक्षण

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील आगामी कार्यक्रमांची यादी ही सर्वसाधारणपणे दुय्यम बाब मानली जाते. खरे शिक्षण वर्गात होते. व्याख्याने, भेटी, मेळावे आणि स्नेहसंमेलन हे केवळ त्याचे तोरण, अशी रूढ समजूत आहे. चेन्नईत रुजलेल्या कम्युनिटी कॉलेजांचा विचार करताना मात्र ही समजूत बाजूला ठेवावी लागते. तेथे तोरण कोणते आणि घर कोणते, हे सहज वेगळे काढता येत नाही.

या शिक्षणप्रकाराचा उगम अमेरिकेतला. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली त्याचा आरंभ झाला. भारतात १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि १९९६ मध्ये मद्रास-मैलापूरच्या कॅथलिक धर्मप्रांताने अशी महाविद्यालये सुरू केली. मद्रासचे अधिकृत नाव चेन्नई झाले तेही १९९६ सालीच. पुढे १९९९ मध्ये लोयोला कॉलेजचे माजी प्राचार्य फादर झेवियर अल्फोन्स यांनी चेन्नईत या चळवळीसाठी संशोधन व विकास केंद्र उभारले. शाळा अर्धवट सुटलेले, बारावीत अडखळलेले, घरकामातून वेळ काढून येणाऱ्या स्त्रिया, असा हा विद्यार्थिवर्ग. त्यांच्यासाठी साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम आखला जातो. त्यात जीवनकौशल्ये असतात, रुग्णसेवा, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती किंवा शिवणकाम यांसारखे एखादे कामाचे कौशल्य असते आणि अखेरीस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी उमेदवारी.

अशा ठिकाणी नाव पुकारताच उभे राहून चार वाक्ये बोलणे, हाच एक धडा असतो. परीक्षेत नापास झाल्यामुळे ज्याने वर्षानुवर्षे मान खाली घातली, त्याला पोंगलच्या समारंभाचा हिशेब सांभाळावयास देणे म्हणजे हिशेबाचा तास घेणेच होय. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पूजली जातात. तमिळनाडूत त्याच दिवशी आयुधपूजा असते. दुरुस्ती शिकणाऱ्या तरुणाने त्या दिवशी आपली पाने-पकडी पुसून मांडल्या, तर तो केवळ सण राहत नाही. हाताने करावयाच्या कामास प्रतिष्ठा आहे, हे त्याला प्रथमच सर्वांसमक्ष कळते. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर.

तथापि, कार्यक्रम आहे म्हणून शिक्षण झाले, असे म्हणता येणार नाही. शाल, हार आणि लांबलचक स्वागतपर भाषणे यांत दोन तास जावेत आणि विद्यार्थी केवळ खुर्च्या मांडण्यापुरते उरावेत, हे दृश्य दक्षिणेत काय आणि उत्तरेत काय, सारखेच. (चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने; त्या काळातील मंडप पाऊसच आवरता घेतो, हा विद्यार्थ्यांचा लाभच म्हणावयाचा!) कारखान्यास भेट द्यावयाची, तर त्या भेटीतून किती जणांना उमेदवारी मिळाली, हे विचारले गेले पाहिजे. नोकरी मेळाव्याचे यश छायाचित्रांवरून ठरू नये.

प्रश्नाचे मूळ येथेच आहे. वर्षभराच्या या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र पदवीइतके वजनदार नसते; त्याला वजन येते ते उमेदवारीच्या अनुभवाने. सरकारी पातळीवर धरसोडही पुष्कळ झाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली आणि ती काही वर्षांतच मागे पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना २०१३ मध्ये आली. योजनांच्या या येण्याजाण्यात विद्यार्थ्याच्या हाती टिकणारी गोष्ट एकच: कोणीतरी त्याला आपल्या कामावर काही आठवडे उभे केले होते, ही नोंद.

ही नोंद देऊ शकणारी माणसे बँकांच्या खातेदारांमध्येच आहेत. गिंडी आणि अंबत्तूर येथील औद्योगिक वसाहतींत, तसेच चाकण आणि इचलकरंजीत, दहा-वीस कामगारांचे असंख्य लहान कारखाने कर्जखात्यांवर चालतात. अननुभवी मुलगा यंत्राजवळ नको, ही मालकाची भीती निराधार नाही. माल बिघडतो, वेळ जातो, आणि शिकवलेला हात दुसरीकडे निघून जातो. परंतु कुशल माणूस मिळत नाही ही तक्रारही बहुधा त्याच मालकाची असते. उमेदवाराला कोणीच उभे केले नाही, तर कुशल माणूस तयार व्हावा कोठे?

बँकांकडूनही काही अपेक्षा आहेत. पात्र कौशल्य अभ्यासक्रमांसाठी २०१५ पासून तारणाविना कर्जाची योजना आहे. तिची कमाल मर्यादा पूर्वी दीड लाख रुपये होती, ती २०२४ मध्ये साडेसात लाख करण्यात आली. ही माहिती शाखेच्या भिंतीवर असते. ती ज्यांच्यासाठी आहे ते शाखेत येतातच असे नाही. तेव्हा कॉलेजच्या समारंभाला शाखाधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून जातात, त्याऐवजी एखाद्या सकाळी काउंटरवरील लिपिकाने जावे. भरणा पावती कशी भरावी, जामीन राहणे म्हणजे काय, हप्ता थकला तर काय होते, एवढेच त्याने सांगावे. फलकावर त्या तासाची नोंद ‘बँकेचे कर्मचारी, सकाळी दहा, पासबुक सोबत आणावे’ अशी असली, तरी पुरे.