कयाकला इंजिन नसतं, म्हणून काय झालं?

गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "तू क्रिस्टल रिव्हरला गेला होतास ना रे? कयाक कुठून घ्यायची? वेटसूट लागतो का? मोबाईलला वॉटरप्रूफ कव्हर घेऊ की गोप्रो?" थंडी जवळ आली की फ्लोरिडातल्या आणि आसपासच्या प्रत्येक देशी ग्रुपवर हा विषय निघतोच. लाँग वीकेंड, गाडी, इडल्यांचा डबा आणि 'मॅनटींसोबत कयाकिंग'.

पहिल्या दोघांना मी दुकानाचा पत्ता दिला. तिसऱ्याला म्हटलं, "जाऊ नकोस." तो म्हणाला, "वा! स्वतः फोटो काढून आलास, आणि आता आम्हाला शहाणपण?"

मुद्दा बिनतोड आहे. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून शनिवार सकाळ खर्च करून इथे देतोय.

आधी मॅनटी म्हणजे काय ते सांगतो. मराठीत समुद्रगाय म्हणतात तिला. तीनेक मीटर लांब, साडेचारशे-पाचशे किलोचा, गवत खाणारा, अजिबात कुणाच्या वाटेला न जाणारा प्राणी. हत्तीचा लांबचा नातेवाईक. एवढा मोठा देह बघून वाटतं की चरबी भरपूर असेल, थंडी काय बाधणार? तिथेच फसगत होते. हिची चयापचयाची गती फार मंद असते आणि व्हेल-सीलसारखा चरबीचा जाड थर अंगावर नसतो. पाणी २० अंश सेल्सियसच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं, की हिचं शरीर हळूहळू बंद पडायला लागतं. कातडी सोलवटते, पचन थांबतं, प्रतिकारशक्ती जाते आणि शेवटी जीव जातो. २०१० च्या कडाक्याच्या थंडीत फ्लोरिडात शेकडो मॅनटी अशाच गेल्या.

हिवाळ्यात मेक्सिकोचं आखात त्या २० अंशांच्या खाली उतरतं. मग या जातात कुठे? जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांपाशी. क्रिस्टल रिव्हरच्या किंग्ज बे नावाच्या खाडीत असे सत्तरहून अधिक झरे आहेत. त्यांचं पाणी बाराही महिने ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ सेल्सियस. आपल्या ऑफिसचा एसी असतो ना, ज्यात अर्धी टीम स्वेटर घालून बसते? तेवढंच. आपल्याला त्यात उतरायला वेटसूट लागतो, आणि तिला मात्र जगायला तेच पाणी लागतं. जगणं आणि मरणं यांच्यात फरक किती, तर दोन अंशांचा.

त्यात अजून एक गोम आहे. झऱ्याच्या तोंडाशी खाली नुसती पांढरी वाळू, चरायला जवळजवळ काही नाही. म्हणजे ऊब इथे आणि जेवण बाहेर थंड पाण्यात. मॅनटी दिवसभर हाच हिशेब करत असते: किती वेळ ऊब घ्यायची, कधी बाहेर जाऊन खायचं, कधी परत यायचं. १० टक्के बॅटरी उरलेला फोन घेऊन आपण जसे चार्जिंग पॉइंट शोधत फिरतो, तसं तिचं तीन महिने चालू असतं. आणि नेमक्या त्याच चार्जिंग पॉइंटवर, नेमक्या त्याच तीन महिन्यांत, आपण सहलीला जातो. कारण ती तिथेच, तेव्हाच दिसते!

आता माझी गोष्ट. टॅम्पाहून दीड तासाचा रस्ता. सकाळी सातला आम्ही चौघे दोन डबल कयाकमध्ये. पाण्यावर धुकं, कुठेतरी 'फुर्रर्र' असा श्वासाचा आवाज. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. दुकानवाल्याने आधी व्हिडिओ दाखवला होता: पाठलाग करू नका, घेरू नका, झोपलेल्याच्या अंगावर जाऊ नका. आम्ही माना डोलावल्या. थ्री सिस्टर्स झऱ्यात हिवाळ्यात कयाक नेता येत नाही, म्हणून बाहेरच्या कालव्यात थांबलो. तिथे आमच्यासारख्या अजून पंधरा-वीस कयाक.

माझा मित्र पुढे बसून शूटिंग करत होता. मी वल्हं आडवं ठेवून फोन काढला. दोघांपैकी कुणाचंच कयाककडे लक्ष नाही. प्रवाहाने ती सरकत सरकत गेली ती थेट एका आईच्या आणि पिलाच्या डोक्यावर. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी घाबरून वल्हं पाण्यात मारलं. धप्प! आई शेपटीचा एक फटका मारून निघाली, पिल्लू तिच्या मागे, आणि त्यांच्या मागे तळाशी झोपलेल्या आठ-दहा जणी. अर्ध्या मिनिटात तो कोपरा रिकामा. गेल्या त्या खाडीच्या बाजूला, थंड पाण्याकडे.

जवळच एक वयस्कर स्वयंसेविका तिच्या कयाकमध्ये होती. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ती दोघं आत्ताच आली होती."

व्हिडिओ झकास आला होता. दोनेकशे लाइक्स. पण त्यात पाठ दिसते ती जाणाऱ्या मॅनटीची, हे एकालाही कळलं नाही.

आता नेहमीचे तीन युक्तिवाद घेऊ. तिन्ही मी स्वतः वापरलेले आहेत, त्यामुळे चांगले ओळखीचे आहेत.

पहिला: "मोटरबोटी मारतात, कयाक नाही. कयाकला ना इंजिन, ना पंखा." अर्धं खरं आहे. दरवर्षी साधारण शंभराच्या आसपास मॅनटी बोटींच्या धडकेने मरतात. पाठीवरच्या पंख्याच्या व्रणांवरून संशोधक त्यांना ओळखतात, इतके ते व्रण सर्रास असतात. पण हिवाळ्यात झऱ्यापाशी प्रश्न धडकेचा नसतो, हुसकावण्याचा असतो. उलट कयाक आवाज न करता, उथळ पाण्यात, अगदी डोक्यावर पोचू शकते. जिथे मोटरबोट जात नाही तिथेही. शिवाय एक कयाक कधीच प्रॉब्लेम नसते. आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हर पाडायला दर वेळी हॅकर लागत नाही. रिझल्टच्या दिवशी लाखभर सभ्य विद्यार्थी एकेकदा रिफ्रेश करतात आणि साइट बसते. प्रत्येक जण म्हणतो, मी तर एकदाच क्लिक केलं! १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किंग्ज बेमधल्याच एका अभ्यासात दिसलं की बोटी वाढल्या की मॅनटी माणसांना बंदी असलेल्या राखीव भागांत जास्त जातात. त्यांना बोलता येत नाही, पण मत त्यांनी दिलंय.

दुसरा: "नियमात बसतं ना? मग?" बसतं. अमेरिकेत मॅनटीसोबत कायदेशीर पोहता येतं ते याच भागात. १९८३ मध्ये खास त्यांच्यासाठी तिथे राष्ट्रीय अभयारण्य झालं, दोऱ्या आणि बोया लावून काही भाग बंद केले, थंडी फार वाढली की थ्री सिस्टर्स माणसांना तात्पुरता बंदही करतात. म्हणजे त्रास होतो हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे, फक्त रेषा कुठे आखायची यावर तडजोड झालीय. नियम म्हणजे किमान पासिंग मार्क. पस्तीस मिळाले म्हणून पेढे वाटायचे का?

तिसरा युक्तिवाद सगळ्यात वजनदार: "लोक पाहतील तर प्रेम करतील, प्रेम करतील तर वाचवतील. आणि त्या गावाचं पोट यावर आहे." हे मी उडवून लावणार नाही. क्रिस्टल रिव्हरच्या लोकांनी खाडीतलं शेवाळ उपसून पुन्हा ईलग्रास लावलं, मॅनटींना खायला मिळालं, हे काम कौतुकाचं आहे. दुसऱ्या किनाऱ्यावर काय झालं ते पाहा. इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाणी आणि खतांमुळे पाणी गढूळ झालं, समुद्री गवत मेलं, आणि २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात ११०० मॅनटी मेल्या. अनेक चक्क उपासमारीने. त्या हिवाळ्यात सरकारला एका वीज प्रकल्पाच्या कोमट पाण्यापाशी सुमारे ९० टन लेट्यूस त्यांच्यापुढे टाकावं लागलं. फ्लोरिडातल्या निम्म्याहून अधिक मॅनटी हिवाळ्यात अशाच वीज प्रकल्पांच्या गरम पाण्यावर तगतात. जुने प्रकल्प बंद झाले की उरणार काय? झरे. म्हणजे उद्या झऱ्यांवरची गर्दी वाढणार आहे, त्यांची.

तेव्हा प्रेम हवंच. पण प्रेम करायला पाण्यातच उतरावं लागतं, हे कुणी ठरवलं? ऑरेंज सिटीजवळ ब्लू स्प्रिंग नावाचं स्टेट पार्क आहे. तिथेही पाणी तेवढंच कोमट, तेवढंच नितळ. पण साधारण मध्य नोव्हेंबर ते मार्च पाण्यात उतरायला आणि नाव घालायला सक्त मनाई. लाकडी पुलावर उभं राहायचं आणि बघायचं, बस. १९७० च्या दशकात तिथे जेमतेम काही डझन मॅनटी यायच्या. २०२४ च्या जानेवारीत एका दिवशी ९३२ मोजल्या! सगळं श्रेय त्या बंदीला देता येणार नाही, कारण एकूण संख्याही या काळात वाढली. पण पुलावरून बघणाऱ्याला काही कमी दिसतं असं मात्र कुणी म्हणू नये. मी नंतर जाऊन आलोय. पोरंसोरं, आजी-आजोबा, व्हीलचेअरवरचे लोक, सगळे बघत होते. आणि खाली मॅनटी झोपा काढत होत्या.

आपल्याकडेही वेगळं नाही. तारकर्लीला, हर्णैला आपण डॉल्फिन बघायला बोटीत बसतो. एक पाठ दिसली की चार बोटी तिकडे वळतात, आणि "अजून जवळ घ्या ना काका!" असं ओरडणारे आपणच असतो. काका बिचारे गिऱ्हाइकाला खूश ठेवतात. मागणी आपली आहे. मॅनटीचा भाऊबंद डुगाँग तर भारतात इतका कमी उरलाय की त्याच्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात वेगळं राखीव क्षेत्र जाहीर केलं. उद्या तिथेही 'डुगाँग कयाकिंग' सुरू झालं, तर पहिलं बुकिंग आपल्याच कुठल्यातरी टीम आउटिंगचं असेल!

तर मित्रा, तुझं उत्तर. फ्लोरिडाला जरूर ये. ब्लू स्प्रिंगला जा, किंवा थ्री सिस्टर्सलाच तिकीट काढून लाकडी पुलावरून बघ, तोही आहे. कयाकची हौस असेल तर ती उन्हाळ्यात भागव, तेव्हा मॅनटी पांगलेल्या असतात आणि त्यांना झऱ्याची गरज नसते. हिवाळ्यातच जायचं असेल तर खाडीत लांबून वल्हव, झऱ्याच्या तोंडाशी थांबू नकोस. तळाशी काळी सावली दिसली की बाजूला हो. आणि वल्हं हातात असेल तेव्हा फोन खिशात ठेव. हे शेवटचं मी अनुभवाने सांगतोय.

मी स्वतः जाऊन आलो म्हणून मला सांगायचा अधिकार नाही, असं तू म्हणालास. असेलही. पण ती आई आणि तिचं पिल्लू माझ्यामुळे उठून गेली, तुझ्यामुळे नाही. तुझा हिशेब अजून कोरा आहे.