‘नुसता शो’ म्हणणाऱ्यांना

आमच्या आयटीत एखाद्याचं काम मोडीत काढायचं असेल तर एक वाक्य पुरतं : “तो काय, नुसता डेमो होता.” वॉटर स्कीच्या जुन्या शोंबद्दलही लोक हेच बोलतात. रंगीत कपड्यांतल्या मुली, गरजणाऱ्या बोटी, पाण्यावर धावणारे माणसांचे मनोरे. बघायला मजा येते; पण ही सर्कस, यात कसला खेळ आणि कसलं इंजिनिअरिंग? हे मत मला साफ चुकीचं वाटतं.

सुरुवातच बघा. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक सिटी गावच्या १८ वर्षांच्या राल्फ सॅम्युएलसनने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही फसलं. शेवटी लाकडी फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि तो पेपिन तलावावर उभा राहिला. १९२५ मध्ये तर तो पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला दोर बांधून त्यामागे घसरला, ताशी सुमारे १३० किलोमीटरने. पेटंट त्याने घेतलं नाही. ते त्याच वर्षी फ्रेड वॉलरला मिळालं. सॅम्युएलसनचा मान अधिकृतपणे मान्य व्हायला १९६६ उजाडलं. ज्याच्याकडे कागद तो संशोधक, आणि जो पाण्यावर उभा राहिला तो हौशी!

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १९६३ मध्ये ग्राफ्टन गावच्या वॉटर स्की क्लबला जॅकरँडा महोत्सवात उडून दाखवायचं होतं. तेव्हाचे सपाट पतंग बेभरवशाचे होते, माणसं जखमी व्हायची. जॉन डिकन्सनने त्रिकोणी लवचीक पंख घेतला, त्याखाली माणूस झोक्यासारखा टांगला आणि त्याच्या हातात त्रिकोणी दांडी दिली. वजन इकडेतिकडे सरकवलं की पंख वळतो. पंखाला कापड म्हणून काय, तर केळीचे घड झाकायचं प्लास्टिक! आजचा हँग ग्लायडर या रचनेवर उभा आहे. डिकन्सनला आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाचं सुवर्णपदक मिळालं, पण २०१२ मध्ये. हा शोध कुठल्या प्रयोगशाळेत नाही, गावच्या जत्रेसाठी लागला.

आता कुणी म्हणेल, फ्लोरिडातलं सायप्रस गार्डन्स तरी निव्वळ बाजार होता. होताच. डिक पोप जाहिरातीतला पक्का माणूस, आणि हसऱ्या मुलींचे फोटो हा त्याचा माल. पण विकणारा बाजारू होता म्हणून करणारीचं कसब खोटं ठरत नाही. तिथले स्कीचे शो दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी सुरू झाले, आणि ते उभे केले ज्युली पोपने, घरची पोरं आणि त्यांचे मित्रमैत्रिणी जमवून. चार थरांचा मनोरा म्हणजे दहीहंडीच समजा, फक्त खालची जमीन पळते आहे. तळातल्या प्रत्येकाच्या हातात दोर, खांद्यावर माणूस. बोटवाल्याने वेग जरा सोडला की दोर सैल पडतो आणि सगळे पाण्यात. त्या चालकाचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

गंमत म्हणजे, जुन्या गोष्टींचे शौकीनही हाच अन्याय करतात. बोटीचं मॉडेल, इंजिनाची ताकद, विमानाचा प्रकार, सगळं तोंडपाठ. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, ते मात्र “कलाकार” या एका शब्दात उरकतात. बोट गॅरेजमध्ये जपता येते. पाण्यावर तोल सांभाळायची विद्या शिकवणारा आणि शिकणारा असेल तोवरच टिकते.

आणि ती शिकायच्या जागा मिटत चालल्या आहेत. सायप्रस गार्डन्स २००९ मध्ये कायमचं बंद झालं. २०११ पासून तिथे लेगोलँड आहे. विस्कॉन्सिनमधला टॉमी बार्टलेटचा शो १९५० च्या दशकापासून चालला आणि २०२० च्या महामारीत संपला.

तेव्हा पुढच्या वेळी असा जुना व्हिडिओ समोर आला तर वर झेंडा धरलेल्या मुलीवरून नजर खाली आणा. तळातल्या चौघांचे गुडघे बघा, ताणलेला दोर बघा, आणि मग खुशाल म्हणा, नुसता शो.