मैफलीचा पाठ आणि संपादकाची कात्री

जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांना सध्या पुन्हा दिवस आले आहेत. बेळगाव, इंदूर, देवास, बडोदे आणि गोवा येथील रसिकांनी वर्षानुवर्षे कपाटांत जपलेल्या स्पूल आणि कॅसेटी संगणकावर उतरवल्या जात आहेत. ही गोष्ट आनंदाचीच आहे. मात्र ध्वनी संगणकात उतरल्यानंतर आणि आपल्या कानी पडण्यापूर्वी त्याचे काय होते, याविषयी आपल्या मंडळींत चकार शब्द निघत नाही. एका ओवीतील एका पाठभेदासाठी पाने खर्ची घालणारे आपण, अख्खे आवर्तन गळाले तरी माना डोलावतो. या विसंगतीवर बोट ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

ध्वनी मांडण्याचे व संपादण्याचे काम ज्या आज्ञावलीत होते तिला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन असे भारदस्त नाव आहे. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक ही त्यांतील परिचित नावे. पडद्यावर काळ डावीकडून उजवीकडे सरकतो आणि ध्वनी लाटांच्या चित्ररूपाने दिसतो. हवा तेथे तुकडा पाडावा, उचलावा, मागेपुढे ठेवावा. सांध्यावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला की जोड कानाला कळत नाही. पूर्वी फीत ब्लेडने कापून चिकटवावी लागे आणि मूळ फितीवर तो सांधा डोळ्यांना दिसे. आता सांधा राहतो तो केवळ संपादकाच्या प्रोजेक्टमध्ये. श्रोत्याच्या हाती पडते ती एकसंध, गुळगुळीत फाइल.

यात बिघडले काय, असे विचारले जाते. खोकला काढला, खरखर कमी केली, तंबोरे जुळवण्यातली पाच मिनिटे गाळली. गाणे तर तेच आहे! खरोखरच एवढ्यावर भागत असते तर तक्रार नव्हती. परंतु कात्री तेथे थांबत नाही. विलंबित झुमऱ्यातील ख्यालाचे उदाहरण घेऊ. चौदा मात्रांचा हा ताल. उस्ताद अमीर खाँ ज्या अतिविलंबित लयीत तो गात, त्या लयीत एकेक आवर्तन मिनिटाच्या घरात जाते. ध्वनिमुद्रण लांबले म्हणून संपादक एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचा तुकडा उचलून टाकतो. ठेका अभंग राहतो, मात्रा चुकत नाही, लय ढळत नाही. तबलजीलाही शंका येऊ नये इतके हे काम सफाईदार होते. पण ज्या आवर्तनात गायक निषादावर रेंगाळून तार षड्जाची वाट पाहायला लावत होता, नेमके तेच गेलेले असते. षड्ज येतो, पण त्याची ओढ लागलेली नसते. बढत म्हणजे स्वरांची यादी नव्हे. कोणता स्वर किती काळ रोखून धरला, हाच तिचा अर्थ. ग्रंथातील एक पान फाडून पुढच्या पानांचे आकडे बदलावेत, तसा हा प्रकार आहे.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. या आज्ञावलींची घडण ठरावीक गतीच्या, समान चौकटींच्या संगीतासाठी झालेली आहे. पडद्यावरील ग्रिड ही त्या घडणीची खूण. ख्यालाची लय पहिल्या आवर्तनापासून शेवटपर्यंत हलकेच चढत असते. ग्रिडला ती अनियमितता वाटते आणि क्वांटाइझची आज्ञा देताच तबल्याचा प्रत्येक आघात रेषेवर जाऊन बसतो. स्वरांचेही तेच. ऑटो-ट्यून हे स्वरशुद्धीचे साधन 1997 साली बाजारात आले. सप्तकाच्या बारा समान भागांवर ते बेतून चालवले, तर दरबारीचा आंदोलित कोमल गंधार त्याला बेसूर भासणार, आणि दुरुस्तीनंतर दरबारीत दरबारी उरणार नाही. साधनाचा यात दोष नाही. ग्रिड बंद करता येते, स्वरशुद्धी वापरली नाही तरी चालते. दोष आहे तो साधनाच्या सोयीला सौंदर्याचा निकष मानणाऱ्या वृत्तीचा.

या वृत्तीच्या समर्थनार्थ दोन दाखले दिले जातात. पहिला, 78 गतीच्या तबकड्यांचा. तेथे तर बाजूला सुमारे तीनच मिनिटे मिळत. मग काटछाट आजचीच कशी? उत्तर सोपे आहे. ती मिनिटे गायकाने स्वतः रचली होती. केसरबाई केरकर यांची जी भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. पण काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे केसरबाईंनी ठरवले, त्यांच्या पश्चात कोणा तंत्रज्ञाने नव्हे. दुसरा दाखला ग्लेन गुल्ड या कॅनेडियन पियानोवादकाचा. 1964 साली त्याने जाहीर मैफली सोडल्या आणि फिती जोडून वादन घडवण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. हा दाखला तर आमच्याच बाजूचा आहे. गुल्डने आपल्याच वादनाला कात्री लावली, आणि तसे उघडपणे लिहून सांगितले. दिवंगत गायकाच्या मैफलीला गुपचूप कात्री लावणाऱ्याने त्याच्या नावाचा आसरा घेऊ नये.

संपादनाची मराठी परंपरा याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. शके 1506, म्हणजे इ.स. 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ अशुद्ध झाले होते म्हणून आपण तो शोधला, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी नमूद केले आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. हस्तक्षेप करायचा तर सही करून, हा तो दंडक होय. शब्दाला जो न्याय, तो स्वराला का नसावा?

आणि हा न्याय देणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. बहुतेक वर्कस्टेशनांत तुकडा पाडल्याने मूळ ध्वनी नष्ट होत नाही. पडद्यावरील तुकडा ही मूळ फाइलकडे उघडणारी केवळ खिडकी असते. फीत कापणाऱ्याला जे अशक्य होते, ते आज फुकट मिळते. म्हणून मागणी तीनच गोष्टींची आहे. पहिली, फितीवरून उतरवलेली प्रत कोणताही संस्कार न करता स्वतंत्र जपावी. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहकांचे मार्गदर्शनही तसेच असून त्यासाठी किमान 48 किलोहर्ट्झ व 24 बिट ही प्रत सांगितली आहे. दुसरी, संपादनाचा प्रोजेक्ट पुसू नये. तिसरी, प्रसृत होणाऱ्या प्रत्येक मुद्रणासोबत चार ओळींचे टिपण द्यावे: मूळ अवधी किती, संपादित अवधी किती, कोठे काय गाळले, फितीची गती बदलली का. गती वाढवली की स्वर आणि लय दोन्ही चढतात. गायकाची पट्टी काळी एक होती की काळी दोन, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

आज ज्या विद्यार्थ्याला गुरूचा सहवास आठवड्यातून तासभर मिळतो, त्याचा उरलेला गुरू हे ध्वनिमुद्रणच आहे. उसंत काढून टाकलेले गाणे ऐकून तो उसंत न घेता गाऊ लागला, तर त्याला दोष देता येणार नाही. आपल्या मंडळांनी, संग्राहकांनी आणि ग्रंथालयांनी टिपण नसलेले संपादित मुद्रण संग्रहात घेण्याचे नाकारावे. मागणारे उभे राहिले की देणारे लिहू लागतील.