सुईचा दोष की कात्रीचा?

शिवणकामाला आपल्या समाजात कौतुक भरपूर मिळते, मोल मात्र मिळत नाही. घरातील स्त्रीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, तर सारे तिची वाखाणणी करतात. त्या गोधडीत किती दुपारी गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. महिला मंडळांच्या प्रदर्शनांत हाताने केलेली शुभेच्छापत्रे, कापडी पिशव्या, बाळंतविडे मांडलेले असतात. पाहणारे ते हाताळतात आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. कापडाचे व कागदाचे दाम त्यांना दिसतात. हातांचे श्रम दिसत नाहीत. हीच दृष्टी शासकीय योजनेत उतरली म्हणजे काय घडते, याचा धडा २०२४-२५ च्या गणवेश योजनेने दिला आहे.

शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना राज्यभर एकाच रंगाचा गणवेश द्यावा, आणि त्याची शिलाई महिला बचत गटांकडे सोपवावी, असे त्या वर्षी ठरले. हेतू निःसंशय चांगला होता. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाकडे गटांचे जाळे तयार होते. परंतु कापड मध्यवर्ती पद्धतीने खरेदी झाले, ते बेतलेही गेले दूर कोठेतरी, आणि गटांच्या हाती कापलेले तुकडे तेवढे आले, तेही उशिरा. अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोहोचले नव्हते. जे आले, ते कोणाला आखूड तर कोणाला ढगळ झाले. दुसऱ्या गणवेशाचे कापड शाळांना मिळाले. त्याच्या शिलाईसाठी व अनुषंगिक खर्चासाठी मिळून ११० रुपये ठरले. एवढ्या पैशांत शिंपी मिळवताना मुख्याध्यापकांची किती तारांबळ उडाली, हे शिक्षकवर्गास सांगण्याची आवश्यकता नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला.

या फजितीचे खापर मात्र शिवणाऱ्या बायकांवर फुटले. काही ठिकाणी शिलाई कच्ची होती, टीप उसवत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्या कपड्याचे माप शिवणारीने घेतले नाही, जे कापड तिने बेतले नाही, तो अंगाला बसला नाही म्हणून तिला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखेच होय.

एकत्र खरेदीने कापड स्वस्त पडते, हा युक्तिवाद खरा आहे. पण कापड एकत्र घेता येते, माप एकत्र घेता येत नाही. ते एकेका मुलाच्या अंगाचेच घ्यावे लागते, आणि त्यासाठी शिवणारी व्यक्ती शाळेच्या जवळपास असावी लागते. गावातील गटाचे खरे बळ हेच होते. योजनेने नेमके तेच बाद केले.

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारले. तेथे शिवणाचे वर्ग चालत, ते वेळ घालविण्यासाठी नव्हे. निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, हा त्यामागील विचार होता. हा विचार आज शंभर वर्षांनंतरही केवळ भाषणांपुरता उरावा, हे शोभणारे नाही.

अधिकार पुन्हा समित्यांकडे आला आहे. त्यांनी उन्हाळी सुटीपूर्वी मापे घ्यावीत, काम गावातील गटाला द्यावे, बेतण्यापासून काजे-बटणांपर्यंतची जबाबदारी त्याच्याकडेच ठेवावी आणि कपडे हाती पडताच पैसे चुकते करावेत. शासनाने शिलाईचा दर लागणाऱ्या तासांवरून ठरवावा. निकृष्ट काम अवश्य परत करावे. मात्र चांगल्या कामाचे पुरेपूर दाम द्यावे. स्वावलंबनाचे पाठ देणाऱ्या शाळेतील मुलांच्या अंगावर कोणाच्या तरी अर्धपोटी श्रमांचे कपडे असावेत, यासारखी विसंगती दुसरी नाही.