घड्याळाचा पाळणा

आधी एक कबुली. मागच्या महिन्यात रात्री साडेबाराला, सकाळची डेडलाइन उशाशी घेऊन, मी तब्बल पाऊण तास एका गोल फिरणाऱ्या डबीचा व्हिडिओ बघत बसले होते. आत मखमल, मंद निळा दिवा, छोट्याशा उशीवर बांधलेलं घड्याळ. डबी हळूच एकीकडे फिरते, थांबते, मग दुसरीकडे फिरते. बस्स, एवढंच! या वस्तूला म्हणतात वॉच वाइंडर. आपण ऑटोमॅटिक घड्याळ घालत नसू, तेव्हा ते बंद पडू नये म्हणून त्याला फिरवत ठेवणारं यंत्र. थोडक्यात, घड्याळाचा पाळणा. किंमत साडेसहा हजार. मी तो कार्टमध्ये टाकला आणि झोपले.

आता तुम्ही म्हणाल, फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीला, जिचं पेमेंट तीन-तीन महिने लटकलेलं असतं, तिला ही श्रीमंती कशी सुचली? तर पाळणा माझ्यासाठी नव्हताच. तो होता कुंभार पिंपळगावच्या आमच्या आबांसाठी.

कुंभार पिंपळगाव म्हणजे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव. समर्थ रामदासांचं जांब इथून जवळच. आबा शाळामास्तर होते, त्यामुळे गावाला ते 'गुरुजी' आणि आम्हाला आबा. १९८३ साली आत्याचं लग्न ठरलं. जावयाला घड्याळ द्यायची पद्धत, म्हणून आबा एसटीने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेले आणि एकाऐवजी दोन घड्याळं घेऊन आले. एचएमटी कांचन. ऑटोमॅटिक, सोनेरी. आजी दोन दिवस बोलली नव्हती म्हणे. त्या काळी लग्नात कांचन मिळणं म्हणजे जावयाचा मान. आबांनी तो मान स्वतःलाही देऊन टाकला, एवढंच!

गेल्या वर्षी आबा अंगणात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आयुष्यभर सायकल मारणारा माणूस कॉटला खिळला. घड्याळ मात्र हातातच. आणि ते सारखं बंद पडायला लागलं. एकदा पावणेचारला थांबलं, तर आबा संध्याकाळभर पावणेचारच समजत राहिले. पाचची गोळी राहिली. काकाने भिंतीवर क्वार्ट्झचं घड्याळ लावलं, पण ते त्यांच्या डोक्यामागे. जागा बदलली, तर आबांना आकडे दिसेनात. 'मोबाइल घ्या' म्हटलं, तर म्हणाले, "गोळी माझी आहे, वेळ पण मलाच बघू द्या."

काकाचा निष्कर्ष सोपा होता, घड्याळ म्हातारं झालं. माझाही सोपा होता, घड्याळाला पाळणा पाहिजे. रात्री आबा झोपले की घड्याळ डबीत, सकाळी फुल चार्ज होऊन हातात. काय बिघडलं?

बरंच काही बिघडलं असतं. पण ते सांगण्याआधी थोडं सायन्स. घाबरू नका, गुरुजींची नात असले तरी परीक्षा घेणार नाही.

ऑटोमॅटिक घड्याळात सेल नसतो. आत एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिच्यात ताण भरला की ती हळूहळू उलगडते आणि काटे चालवते. साध्या चावीच्या घड्याळात हा ताण आपण रोज सकाळी बोटांनी भरतो. ऑटोमॅटिकमध्ये ते काम करतं अर्धचंद्रासारखं एक वजन, रोटर. हात हलला की रोटर फिरतो, रोटर फिरला की स्प्रिंग गुंडाळली जाते. मनगटी घड्याळात ही कल्पना बसवली जॉन हारवूड नावाच्या इंग्लिश घड्याळजीने. त्याला १९२४ साली स्विस पेटंट मिळालं. त्याचं वजन ठरावीक अंतरातच मागे-पुढे व्हायचं. पूर्ण गोल फिरणारा रोटर घेऊन १९३१ साली रोलेक्स आली आणि मग हीच रीत झाली.

म्हणजे घड्याळ चालवायला माणूस चालता-फिरता हवा. आबांचा हात दिवसभर छातीवर. रोटरने फिरायचं तरी कशाच्या जोरावर? घड्याळ म्हातारं झालं नव्हतं, उपाशी होतं.

हे आपल्यालाही लागू आहे बरं का. साधारण ऑटोमॅटिक घड्याळ पूर्ण भरलेलं असेल, तर काढून ठेवल्यावर ४० तासांच्या आसपास चालतं. शुक्रवारी रात्री आठला काढलंत, तर रविवारी दुपारी बाराला राम म्हणणार. सोमवारी सकाळी मीटिंगला धावताना ते थांबलेलंच सापडणार, आणि आपण म्हणणार, 'छ्या, खराब पीस मिळाला!' त्यातून आपण वर्क फ्रॉम होमवाले. दिवसभरात हात हलतो तो कीबोर्डपासून चहाच्या कपापर्यंत. टिसोच्या पॉवरमॅटिक ८० सारख्या घड्याळांत ८० तासांचा साठा असतो, म्हणजे शुक्रवारी रात्री आठला काढलेलं मंगळवारी पहाटे चारपर्यंत खेचतं. नवीन घेणार असाल, तर डायलच्या रंगाआधी हा आकडा विचारा. वाइंडरचा खर्च तिथेच वाचू शकतो.

मग वाइंडर करतो काय? तर मनगटाची नक्कल. घड्याळाच्या इंजिनाप्रमाणे त्याला दिवसाला किती फेरे आणि कुठल्या दिशेने द्यायचे हे ठरवतात. बऱ्याच घड्याळांना ६५० ते ८०० फेरे पुरतात. काही दोन्ही दिशांनी चावी घेतात, सायकोची मॅजिक लिव्हर तशीच आहे. काही एकाच दिशेने घेतात, उदाहरणार्थ व्हॅल्जू ७७५०. अशा घड्याळाला चुकीच्या दिशेने रात्रभर फिरवलंत, तरी सकाळी ते उपाशीच. म्हणून फेरे आणि दिशा बदलता येत नाहीत असा स्वस्त वाइंडर म्हणजे निव्वळ शोपीस.

'जास्त चावी बसून स्प्रिंग तुटेल का?' ही भीती मात्र काढून टाका. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक पक्कं जोडलेलं नसतं. पूर्ण भरली की ते भिंतीवरून घसरतं. पण स्प्रिंग वाचली म्हणून बाकीचे भाग वाचतात असं नाही. रोज ६५० फेरे म्हणजे वर्षाला २,३७,२५० फेरे. तेही घड्याळ कुणी बघत नसताना! ते चालतंय म्हणजे आतली चाकं झिजतायत. गाडी पार्किंगमध्ये रात्रभर चालू ठेवण्यासारखं आहे हे.

हे ज्ञान मला कुठे मिळालं? डबी ऑर्डर करण्याआधी गावी चक्कर झाली, तेव्हा मी घड्याळ घेऊन जालन्याच्या एका जुन्या घड्याळजी काकांकडे गेले. म्हटलं, वाइंडर घ्यायचाय, किती फेऱ्यांवर लावू? काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि विचारलं, "सर्व्हिसिंग कधी केलं होतं?"

मी काकाला फोन लावला. काकाने आजीला विचारलं. आजी म्हणाली, धाकटीच्या बारशाच्या आधी. धाकटी आता आठवीत आहे.

"मग हे आत्ता कोरडं फिरतंय," काका म्हणाले. "तुम्ही याला चोवीस तास फिरवणार. तुमचा पाळणा याला झोपवणार नाही, मारणार."

'चालू ठेवलं की तेल सुकत नाही' असं वाइंडर विकणारे सांगतात. जुन्या काळी प्राणिज तेलं वापरायचे, ती घट्ट व्हायची, तेव्हा त्यात तथ्य होतं. आजची सिंथेटिक तेलं घड्याळ चार दिवस पडून राहिलं म्हणून गोठत नाहीत. पण वर्षं उलटली की तीही संपतात, घड्याळ चालो वा पडो. तेव्हा सर्व्हिसिंगला पर्याय नाही. आणि कांचनच्या बाबतीत गणित आणखी कडक आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. पुढे क्वार्ट्झ आलं, टायटन आली, तोटा वाढत गेला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता एखादं चाक झिजलं, तर दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढून बसवायचं. काकांकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात अशी कितीतरी उघडी एचएमटी पडलेली. एकाचं हृदय दुसऱ्याला. बघून कसंतरी झालं.

चावीही गुळगुळीत झाली होती, बोटांत धरवत नव्हती. म्हणजे घड्याळ बंद पडलं की वेळ लावणंही मुश्कील. मला वाटलं होतं, वाइंडरने तोही प्रश्न मिटेल. काकांनी चावीच बदलली. साफसफाई, तेल, चावी मिळून चौदाशे रुपये आणि आठ दिवसांचा वायदा. पाळण्याच्या किमतीत अशी चार सर्व्हिसिंग झाली असती, वर जालना ते कुंभार पिंपळगाव येण्या-जाण्याचं भाडंही निघालं असतं. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते उगाच नाही. माझा साडेसहा हजारांचा पालना मात्र तिथेच मोडला.

पण आबांच्या हलत नसलेल्या हाताचं काय? सर्व्हिसिंगने घड्याळ निरोगी झालं, पोट थोडंच भरलं!

तो प्रश्न आजीने सोडवला. मी वाइंडरचा व्हिडिओ तिला दाखवला. तिने शांतपणे बघितला आणि म्हणाली, "कामून एवढे पैसे घालतीस गं माय? अन् लाइट गेली का मग?" गाव म्हटलं की हा प्रश्न पहिला. बॅटरीवर चालणारेही मिळतात, पण ते सांगायच्या आत आजीने कांचन स्वतःच्या हातात चढवलं होतं. हिरव्या बांगड्यांच्या वर ते भलंमोठं सोनेरी घड्याळ! आता सकाळी सहापासून ते आजीच्या हातात असतं. अंगण झाडणं, फुलं तोडणं, मळ्यापर्यंत जाऊन येणं. भांडी घासताना आणि भाकरी थापताना काढायचं, हा काकांचा नियम, कारण पाणी आणि पीठ दोन्ही त्याला वर्ज्य. अकराला ते आबांच्या मनगटावर जातं.

आणि पुढचं मला अजिबात अपेक्षित नव्हतं. फिजिओथेरपिस्टने आबांना हातांचे व्यायाम दिले होते. आबा करत नसत. काकू ओरडायची, काका विनवायचा, आबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. हात हलवल्याशिवाय घड्याळ चालत नाही हे मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तो अर्धचंद्र बघायला मागितला. काकांनी झाकण उघडलेलं असताना मी मोबाइलवर शूट केलं होतं, ते दाखवलं. गुरुजींनी तीनदा बघितलं. "म्हणजे हे माझ्यावर चालतं," ते म्हणाले. बेचाळीस वर्षं हातात घातलेल्या घड्याळाबद्दल!

आता संध्याकाळी ते वीस वेळा उजवा आणि चाळीस वेळा डावा हात हलवतात. घड्याळ डाव्या हातात आहे ना! फिजिओ म्हणतो, दोन्ही सारखे करा. आबा ऐकत नाहीत. पण पाचची गोळी पाचला होते. रात्री मध्येच जाग आली की किती वाजले ते कुणाला न उठवता स्वतः बघतात. मी ती डबी आणली असती, तर घड्याळ चाललं असतं, आणि आबांचा हात तसाच छातीवर पडून राहिला असता. हा विचार आला की मला अजून धस्स होतं.

आता तुमचा मुद्दा. वाइंडर घ्यावा की नाही?

एकच ऑटोमॅटिक असेल आणि रोज घालत असाल, तर अजिबात नको. दोन-तीन असतील आणि आलटून-पालटून घालत असाल, तरी नको. बंद पडलेलं घड्याळ हळुवार हलवा, वेळ लावा, एक मिनिटाचं काम. फक्त तारीख झटपट पुढे ढकलायची असेल, तर काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना ढकलू नका. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, दात मोडू शकतो. पर्पेच्युअल कॅलेंडर असेल, म्हणजे लीप वर्षापर्यंतची तारीख सांभाळणारं आणि वर चंद्रकला दाखवणारं, तर मात्र वाइंडर जरूर घ्या. ते एकदा बंद पडलं की पुन्हा जुळवणं कटकटीचं असतं. शिवाय ते घड्याळ तुम्हाला परवडलंय, तर डबी का नाही परवडणार? फक्त घेताना फेरे आणि दिशा बदलता येते का, मधे विश्रांती देतो का, आणि मोटर नीट झाकलेली आहे का, हे बघा. चुंबकाचा परिणाम झाला की आतली केसासारखी स्प्रिंग चिकटते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं.

बाकी सगळ्यांनी ते पैसे सर्व्हिसिंगला ठेवा. आणि घरात एखादं जुनं ऑटोमॅटिक कपाटात पडलं असेल, तर ते आधी घड्याळजीला दाखवा, मग घाला.

मी पुण्याला परत आले आणि कार्टमधला पाळणा काढून टाकला. माझं स्वतःचं सायको ५ आहे, पहिल्या मोठ्या पेमेंटमधून घेतलेलं, आतलं इंजिन जुनं ७एस२६. याला हाताने चावी देताच येत नाही, हलवावंच लागतं. या रविवारी दुपारी ते थांबलं. थांबू दे की बॉस. वीकएंड त्यालाही हवा!